हाड म्हटल्यावर येणारं कुत्रं

आमच्या घरी कुत्र्याला नाव ठेवायची पद्धत नव्हती. नावं मात्र सगळे मिळून ठेवायचे. हे फार खातं, ते उगाच भुंकतं, याच्यापेक्षा मागचं बरं होतं. पण हाक मारायला एखादं नाव असावं असं कुणाला कधी वाटलं नाही. आमचं घर निमगाव सावाच्या मळ्यात, गावापासून लांब आणि तीन बाजूंनी ऊस. मळ्यातल्या घराला कुत्रं लागतंच, जशी बाज लागते, बॅटरी लागते. ते असायचं, आणि मग एके दिवशी नसायचं. एखादं गाडीखाली गेलं, बाकीची बहुतेक वाघाने नेली. पेपरात त्याला बिबट्या म्हणतात, आमच्याकडे तो वाघच. कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसात वाघ येऊन राहिला. मी शाळेत होते तेव्हापासून मला एवढं माहीत होतं, की संध्याकाळी ज्या कुत्र्याला भाकरी टाकली ते सकाळी असेलच असं नाही.

आमचे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, ते सांगायचे की नाव ठेवलं की जीव लागतो. बिननावाचं गेलं तर गेलं. हा नियम मला लहानपणी निर्दय वाटायचा. पुढे तो नुसता घाबरट वाटायला लागला.

मी मंचरला कॉलेजला जायला लागले त्या सुमारास एक पिल्लू आलं. कुठून आलं ते नक्की कळलं नाही. कांदे भरायला ट्रॅक्टर आला होता, तो गेला आणि मागे अंगणात हे उरलं. तांबूस रंग, एक कान उभा आणि एक पडलेला, पोट नको तेवढं मोठं. आईने त्याला गुळाच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं. पण खोक्यात राहण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

आप्पांना घरात कुत्रं चालत नसे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नाक दिसलं की हाड. जेवताना ताटाजवळ आलं की हाड. चपलेचा अंगठा चावत बसलेलं दिसलं की हाड. दिवसभरात त्या पिल्लाशी घरातलं जेवढं बोलणं व्हायचं, त्यातलं बहुतेक हे एकच होतं. आई भाकरी टाकताना यू यू करायची, पण आई शेजारच्या वस्तीवरच्या कुत्र्यांनाही यू यू करायची. हाड मात्र त्या एकट्यासाठी होतं, आणि ते म्हणताना आप्पा सरळ त्याच्याकडे बघायचे. शिवाय आप्पांनी त्याच्यावर कधी हात उगारला नाही. हाड म्हणायचे, ते जागचं हलायचं नाही, मग आप्पाच वैतागून भाकरीचा तुकडा अंगणात भिरकावायचे आणि ते तुकड्यामागे पळायचं. पिल्लाने यातून जे समजायचं ते समजून घेतलं. त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच समजलं असतं.

ही गोष्ट आमच्या लक्षात आली ते पिल्लू चांगलं मोठं झाल्यावर. एका दुपारी कुठलं तरी परकं कुत्रं पडवीत शिरलं आणि पाटीतल्या भाकरीला तोंड घालणार तोच आप्पा ओरडले, हाड. परकं कुत्रं शेपूट घालून पळालं, आणि उसाच्या बांधाकडून आमचं कुत्रं जीव खाऊन धावत आलं. येऊन आप्पांच्या समोर उभं राहिलं. जीभ बाहेर, शेपूट इतकी जोरात हलत होती की मागचं अर्धं अंग हलत होतं. आप्पा पुन्हा म्हणाले, हाड. ते आणखी पुढे सरकलं. आई पायरीवर बसून हसायला लागली, ती हसतच राहिली.

"न्हाई न्हाई म्हणत तुमीच ठेवलं की वो त्याचं नाव," ती म्हणाली.

आप्पा त्या दिवशी चिडले होते. पण पुढे पुढे त्यांची चीड पातळ होत गेली. घरात दोन हाड झाले. एक तोडून म्हटलेलं, ते बंद पडलं, कारण त्याचा उपयोग उरला नव्हता. दुसरं लांबवलेलं, खालच्या आवाजातलं, हाऽड. ते म्हटलं की कुत्रं मळ्याच्या कुठल्याही टोकावरून यायचं. परक्या कुत्र्याला हाकलायला आईने हुडूत हा शब्द घेतला. आप्पा ढेकूळ मारायचे आणि तोंड बंद ठेवायचे.

पाहुण्यांची पंचाईत व्हायची. दूध घ्यायला येणारा माणूस मोटारसायकलवर बसूनच हाड म्हणायचा, आणि कुत्रं आनंदाने पुढचे पाय त्याच्या टाकीवर ठेवायचं. तो आणखी ओरडायचा, कुत्र्याला आणखी आनंद व्हायचा. आतून आप्पा सांगायचे की त्याला हाड म्हणू नका. मग काय म्हणू, असं तो विचारायचा. काहीच म्हणू नका, गप उभे राहा, हे आप्पांचं उत्तर. त्या माणसाने शेवटी आमच्या बांधावरूनच हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

आप्पांनी त्या कुत्र्याला कुरवाळलेलं मी पाहिलं नाही. ते त्यातले नव्हते. पण मोटर चालू करायला निघाले की ते पुढे असायचं, पाणी कुठल्या सरीला पोचलं ते बघायला जणू त्यालाच बोलावलं आहे. दुपारी बांधावर आप्पा जेवायचे आणि शेवटची चतकोर त्याच्याकडे न बघता बाजूला धरायचे. तेही न बघता घ्यायचं. दोघांचा असा काहीतरी करार होता. माझ्या लग्नाच्या बोलण्यांपेक्षा त्या कुत्र्याच्या खाण्यावर आप्पांचं जास्त लक्ष आहे, असं मी एकदा आईला म्हटलं. आई म्हणाली की कुत्रं निदान नकार तरी देत नाही.

त्याला वाघाने धरू नये म्हणून आप्पांनी जुन्नरच्या एका मुसलमान कारागिराकडून चामड्याचा पट्टा करून आणला. बाहेरून खिळ्यांची टोकं आलेला. आधीच्या कुठल्या कुत्र्यासाठी त्यांनी हे केलं नव्हतं. संध्याकाळी पट्टा घालायचा, सकाळी काढायचा. तो घालताना त्यांची बोटं सोलायची आणि ते कुत्र्याला शिव्या द्यायचे.

ऊसतोड सुरू झाली तेव्हा आमच्या खालच्या फडात वाघिणीची पिल्लं सापडली. वनखात्याची माणसं आली, आठवडाभर फड बंद राहिला. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं दिवे लागायच्या वेळेला वाघाने अंगणातून नेलं. मग आमच्यावर पाळी आली. मी घरात होते. बाहेर एकदाच केकाटल्याचा आवाज आला आणि आप्पा हातात मिळेल ते घेऊन धावले. पट्ट्यामुळे मान वाचली होती. पाठीवर मात्र कातडं लोंबत होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले. टाके घालताना आप्पांनी त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं होतं आणि त्याच्या कानात एकसारखं हाड, हाड म्हणत होते. डॉक्टर मधेच थांबून त्यांच्याकडे बघत राहिले.

जखम भरल्यावर आप्पांनी ठरवलं की त्याला मळ्यात ठेवायचं नाही. माझी थोरली बहीण अवसरी खुर्दला दिलेली. तिचं घर गावठाणात, घराला घर लागून, वाघ तिथवर येत नाही. पेठचा एक पिकअपवाला नारायणगावच्या बाजारात टोमॅटो टाकून रिकामा परत जायचा, त्याच्याबरोबर आम्ही निघालो. कुत्र्याला धरून मागे बसायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी होते. ते रस्ताभर माझ्या मांडीवर लाळ गाळत होतं आणि मागे पळणाऱ्या रस्त्याकडे बघत होतं.

मुलीच्या सासरी आप्पा फारसे जात नसत. गेले तरी ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचे, उठायचे. ताईचे सासरे कमी बोलणारे, देवळाच्या कमिटीवर असलेले, गावात शब्दाला मान. आप्पा त्यांच्यासमोर नेहमी थोडे आखडून बसत. चहा आला. व्याह्यांनी कुत्र्याला खालून वर बघितलं, जात चांगली आहे म्हणाले आणि विचारलं, "पावण्याचं नाव काय म्हनायचं?"

आप्पांचा बशीचा हात थांबला. व्याह्याच्या ओट्यावर बसून, त्यांचा चहा पीत, याचं नाव हाड हे कसं सांगायचं? ऐकणाऱ्याला वाटणार, या माणसाने मुकं जनावर हाडहूड करूनच वाढवलं. किंवा वाटणार, पाहुणा आपली थट्टा करतो आहे.

"मोत्या," आप्पा म्हणाले.

ताई दारात उभी होती. दिवाळीला माहेरी आली की तीही त्याला हाडच म्हणायची. तिने माझ्याकडे बघितलं. मी कुत्र्याकडे बघितलं. ते आप्पांकडे बघत होतं. निघताना आप्पांनी त्याला खांबाला बांधलं आणि मागे वळून न बघता रस्त्यापर्यंत चालत गेले. आम्ही एसटीने परत निघालो. मंचरला म्हणाले, जागा चांगली आहे, माणसं चांगली आहेत.

त्या घरात ताईची अडचण झाली. सगळे मोत्या, मोत्या करायचे आणि कुत्रं ढिम्म हलायचं नाही. सासूबाईंना वाटलं ते बहिरं आहे. खरं नाव सांगावं तर आपला बाप सासऱ्यांसमोर खोटं बोलला असं होतं, आणि त्या घरात बापाची मान खाली जाईल असं ताई मेली तरी करणार नव्हती. मागच्या परसात भांडी घासताना ती इकडेतिकडे बघून हळूच हाड म्हणायची. ते यायचं, तिच्या पदरात तोंड खुपसायचं. ती मला फोनवर हे सांगून हसायची. आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, रुळेल.

ते रुळलंही. म्हणून त्याला मोकळं सोडलं, आणि तिथेच चुकलं. मळ्यात हाड म्हणणारी माणसं आम्हीच होतो. गावठाणात हा शब्द दिवसभर चालतो. गिरणीपुढे, देवळापुढे, दारादारात. अवसरीला तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं होतं, बाहेरगावची मुलं खोल्या घेऊन राहायला लागली होती. चहाच्या टपरीवर ती बिस्किटं टाकायची, कुत्री जमायची आणि टपरीवाल्याचं हाड, हाड चालू असायचं. आमचं कुत्रं प्रत्येक वेळी आपल्यालाच बोलावलं असं समजून धावायचं. दळणाचा डबा घेऊन निघालेली एक बाई दुसऱ्याच कुत्र्याला हाड म्हणाली आणि हे कोपऱ्यावरून येऊन तिच्या अंगावर चढलं. डबा सांडला, हाताला नख लागलं. हाकलल्यावर कुत्रं पळतं, एवढं सगळ्या जगाला माहीत आहे. हाकलल्यावर जे अंगावर येतं ते पिसाळलेलं. गावाने सरळ हिशेब केला, आणि त्यांच्या जागी कुणीही केला असता. त्यानंतर हाड म्हणणाऱ्याच्या हातात दगड नाहीतर काठी असायची.

ताईचा फोन आला तेव्हा मी घरीच होते. तिच्या सासऱ्यांनी त्याला गोठ्यात कोंडलं होतं आणि माणसं मारून टाका म्हणत होती. आप्पांनी फोन घेतला. अंगावर येतं म्हणजे नक्की कसं येतं, एवढंच त्यांनी विचारलं.

ताई पलीकडून म्हणाली, "आप्पा, तुमाला म्हाईत हाये ते कसं येतंय."

फोन ठेवून आप्पा पडवीत आले. गुपचूप जाऊन कुत्रं घेऊन यावं, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी पेठच्या पिकअपवाल्याला विचारलं. पिसाळलेलं जनावर गाडीत घेणार नाही, असं त्याने साफ सांगितलं. म्हणजे आधी ते पिसाळलेलं नाही हे गावासमोर सांगावं लागणार होतं. आणि ते सांगायचं तर ओट्यावर सांगितलेलं खोटं उघडं करावं लागणार होतं. आई म्हणाली की नसेल जमत तर राहू द्या, मारतील ते. आई असं बोलायची तेव्हा तिला नेमकं उलटं हवं असायचं. आप्पा टोपी घालून निघाले. मी त्यांच्याबरोबर गेले.

गोठ्यापुढे माणसं जमली होती. दोघातिघांच्या हातात काठ्या होत्या. व्याही पुढे आले आणि फार अवघडून बोलले. कुत्रं चांगलं होतं, पण आता इलाज नाही, घरात लहान मूल आहे. ते खोटं बोलत नव्हते, ताईचा मुलगा तेव्हा नुकताच चालायला लागला होता.

आप्पांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"पावणं, त्ये पिसाळल्यालं न्हाई," ते म्हणाले. "त्याचं नाव मोत्या न्हाई. मी खोटं सांगितलं व्हतं. त्याचं नाव हाड हाये. हाड म्हणलं की त्याला वाटतंय, आपल्याला बोलावलं."

मागे कुणीतरी हसलं. व्याही हसले नाहीत. त्यांनी ताईकडे बघितलं. ताईने मान खाली घातली, त्यातून त्यांना काय ते कळलं. ते म्हणाले, "मंग हाक मारून दावा."

आप्पांनी गोठ्याचं दार उघडलं. कुत्रं गव्हाणीपलीकडे कोपऱ्यात होतं. एका डोळ्यावर सूज, मागचा एक पाय उचललेला. आप्पांना बघून त्याचा उभा कान आणखी उभा झाला, शेपूट जमिनीवर एकदा आपटली. आप्पांनी नेहमीच्या आवाजात, लांबवून हाक मारली. हाऽड.

कुत्रं दबलं. दोन्ही कान मानेला चिकटले. ते पोटावर मागे सरकलं, भिंत लागेपर्यंत. आप्पांनी पुन्हा हाक मारली, आणखी हळू, टाके घालताना म्हणत होते तशी. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं आणि जागेवरच मुतलं. या थोड्या दिवसांत गावाने त्याला त्या शब्दाचा खरा अर्थ शिकवला होता.

आप्पांनी तिसऱ्यांदा हाक मारली नाही. मला तिथे रडू फुटलं, आणि ते कुत्र्यासाठी नव्हतं. बापाला असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं की बघा, मालकाला पण ओळखत नाही. काठ्यावाले पुढे झाले. आप्पा आत शिरले. व्याह्यांनी त्यांचा दंड धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. ते कोपऱ्यात गेले, त्या ओल्या जमिनीवर मांडी घालून बसले आणि उघडा पंजा कुत्र्याच्या तोंडापुढे जमिनीवर ठेवला. गोठ्यात एक म्हैस रवंथ करत होती, तेवढाच आवाज होता. बऱ्याच वेळाने कुत्र्याने मान वळवली. हात हुंगला. मग सगळं तोंड त्या पंजात ठेवलं आणि तसंच राहिलं. माणसं एक एक करून पांगली.

निघताना व्याही म्हणाले, "नाव सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

"व्हय," आप्पा म्हणाले.

कुत्रं परत मळ्यात आलं आणि पुढे बरीच वर्षं राहिलं. पाय थोडा लंगडा राहिला. आम्ही सगळ्यांनी नवी नावं लावून बघितली. आईने मोत्याही म्हणून बघितलं. ते ऐकून घ्यायचं, यायचं नाही. तो जुना शब्द आमच्या तोंडून चुकून गेला तरी ते घरामागे जाऊन बसायचं, मग दिवसभर जेवायचं नाही. त्यामुळे तो शब्द घरातून गेलाच.

दिवसा याचं काही अडत नसे. अडायचं ते संध्याकाळी. वाघ होताच, आणि अंधार पडायच्या आत कुत्रं घरात घ्यावं लागायचं. ते नेमकं त्या वेळी लांब कालव्याकडच्या बांधावर जाऊन बसलेलं असायचं. आप्पा त्याला आणायला रोज स्वतः जायचे. उसाच्या मधल्या वाटेने जायचे, त्याच्या पाठीवर हात ठेवायचे, आणि दोघे सावकाश परत यायचे. पुढे आप्पांचे गुडघे गेले. चालताना ते वाकायचे, आणि वाघ वाकलेल्या माणसावर जातो म्हणून आई दारात जीव मुठीत धरून उभी राहायची.

मी माहेरी आले होते, तेव्हाची गोष्ट. दिवे लावायची वेळ झाली होती. आप्पा बाजेवरून उठले, काठी शोधायला लागले. आईने त्यांना अडवलं.

"रोज कशाला जाताय एवढ्या लांब," ती म्हणाली. "हितूनच हाक मारा की त्याला."

"काय म्हणून मारू?" आप्पांनी विचारलं.

आईने काठी दाराआडून काढून त्यांच्या हातात दिली.